ओढणीतील तालीम

(पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)

— एक सहशिक्षक, बी. ए., बी. एड.





आजच्या मेळाव्यात ‘विद्यार्थी आणि छंद’ या विषयावर मी दोन शब्द बोलावेत, अशी आज्ञा झाली आहे. छंद म्हटले की आपल्याला पोस्टाची तिकिटे, जुनी नाणी, काड्यापेट्यांची चित्रे आठवतात. मी आज ज्या छंदाविषयी बोलणार आहे तो ऐकून काहींना हसू येईल. तो छंद आहे ओढण्या, रुमाल, शाली, स्कार्फ जमवण्याचा आणि ते हौसेने वापरण्याचा. विषय हलका वाटेल, पण थोडा वेळ माझ्याबरोबर चला. गळ्यातल्या त्या दोन हात कापडात किती विद्या दडलेली आहे, ते आपण मिळून पाहू.

आपले नाशिक हे तीर्थक्षेत्र आहे, द्राक्षांचे गाव आहे. मोगल काळात याच शहराला गुलशनाबाद म्हणत. पण रस्त्याच्या कडेला घटकाभर उभे राहून पाहिले, तर हे रुमाला-ओढण्यांचेही गाव आहे, असेच म्हणावे लागेल. थंडीत निफाडकडे पारा उतरू लागला की द्राक्षबागेत जाणारा शेतकरी कानाला मफलर गुंडाळतो. भाजीबाजारात हमालाच्या खांद्यावर गमछा असतो. वारकऱ्याच्या गळ्यात उपरणे असते. इगतपुरी-अकोल्याच्या डोंगराळ भागातील आदिवासी भगिनी पाठीवर फडकी घेतात. आपल्या घरांत आई-आजीच्या डोक्यावर ओढणी आहे, आजोबांच्या खांद्यावर चौकड्यांचा रुमाल आहे. आणि एप्रिल-मेच्या उन्हात दुचाकीवरून कॉलेजला निघालेल्या सर्व समाजांच्या मुली डोळे तेवढे उघडे ठेवून स्कार्फ बांधतात, हे तर आपण रोजच पाहतो. कोणी ओढणी कशी घ्यावी, हा माझा आजचा विषय नाही. मी बोलणार आहे ते त्या कापडाविषयी.

हौस कोणाला नसते? एखाद्या मुलीला आकाशी ओढणी आवडते, मग तिच्याशी जुळणारी हिरवी लागते, मग ईदला लहरियाची, मग मावशीने जयपूरहून आणलेली. बघता बघता कपाटाचा एक खण भरतो. मग पालक आमच्याकडे येतात. म्हणतात, ‘सर, हिला जरा सांगा. वह्या-पुस्तकांना पैसे पुरत नाहीत आणि हिला ओढण्या हव्यात.’ त्यांची तक्रार खोटी नाही. ज्या घरात महिन्याचा हिशेब रुपया-रुपयाने जुळवावा लागतो, त्या घरात दहावी ओढणी ही उधळपट्टीच होय. परंतु पालकहो, मुलांची आवड तोडून टाकणे सोपे असते. तीच आवड अभ्यासाकडे वळवणे कठीण असते. शिक्षकाचे आणि पालकाचे खरे काम ते दुसरे आहे.

ढीग आणि संग्रह यांत फरक आहे. नुसत्या वस्तू जमल्या की ढीग होतो. प्रत्येक वस्तूविषयी ‘ही कशाची आहे, कोठून आली, कोणी केली?’ हे तीन प्रश्न विचारले आणि उत्तरे लिहून ठेवली की त्याच ढिगाचा संग्रह होतो. पुण्याच्या दिनकर केळकरांचे उदाहरण घ्या. १९२० च्या सुमारास त्यांनी जुन्या घरगुती वस्तू जमवायला सुरुवात केली. दिवे, अडकित्ते, कंगवे, वस्त्रे! अशा वस्तू लोक मोडीत घालत असत. त्यातूनच त्यांच्या दिवंगत मुलाच्या नावाने राजा दिनकर केळकर संग्रहालय उभे राहिले आणि १९७५ साली त्यांनी ते शासनाच्या स्वाधीन केले. आपल्या जवळचे उदाहरण हवे असेल, तर त्र्यंबकच्या वाटेवर अंजनेरीला जा. तेथे १९८० साली स्थापन झालेली भारतीय नाणेशास्त्राची संशोधन संस्था आहे. जुनी नाणी जमवणे हासुद्धा एके काळी रिकामटेकड्यांचाच उद्योग मानला जाई. आज त्याचे शास्त्र झाले आहे. मग ओढण्यांनीच काय गुन्हा केला आहे?

आता मी माझ्या विद्यार्थ्यांशी बोलतो. मुलांनो, घरी गेल्यावर कपाटातील एक ओढणी किंवा रुमाल काढा आणि त्याला तुमच्या शाळेचे विषय विचारा.

प्रथम भाषा. ‘रूमाल’ हा फारसी शब्द आहे. ‘रू’ म्हणजे चेहरा आणि ‘माल’ म्हणजे पुसणारा. ‘दुपट्टा’ म्हणजे दोन पट्टे, दोन पन्हे जोडून केलेले वस्त्र. ‘शाल’ हाही शब्द फारसीच. तो आपल्याकडून इंग्रजांनी उचलला. आपल्या ‘बांधणी’वरून इंग्रजीत ‘बंडाना’ हा शब्द गेला, आणि आज तो जगभर गळ्यात बांधण्याच्या रंगीत रुमालासाठी वापरतात. म्हणजे कापड जेथे गेले, तेथे शब्दही गेला.

दुसरा विषय रसायनशास्त्र. कच्छमधील खत्री कारागीर अजरख नावाचे निळे-तांबडे कापड छापतात. आज त्याच्या ओढण्या नाशिकच्या दुकानांतही मिळतात. पण ते होते कसे? कापड आधी हिरड्याच्या पाण्यात भिजवतात. मग भंगार लोखंड गुळाच्या पाण्यात कित्येक दिवस आंबवून तयार केलेले द्रावण ठशाने त्यावर छापतात. हिरड्यातील टॅनिन आणि लोह यांची गाठ पडली की काळा रंग उमटतो. जेथे तुरटी छापली, तेथे मंजिष्ठेचा तांबडा रंग धरतो. जेथे चुना-डिंकाचे लेपन केले, तेथे निळीला शिरकाव नाही, म्हणून ती जागा पांढरी राहते. प्रयोगशाळेच्या वहीत जे आपण कंटाळून लिहितो, ते हे कारागीर पिढ्यान् पिढ्या हाताने करीत आले आहेत. २००१ च्या भूकंपानंतर त्यांच्या धमडका गावातील पाण्यात लोहाचे प्रमाण वाढले आणि रंग बिघडू लागले. पाण्यातला दोष त्यांनी ओळखला आणि भूजजवळ अजरखपूर हे नवे गाव वसवले. या कारागिरांपैकी इस्माईल मोहम्मद खत्री यांना २००३ साली इंग्लंडमधील लेस्टर येथील डी माँटफर्ट विद्यापीठाने सन्मान्य डॉक्टरेट दिली. हुनर आणि इल्म या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत, हे एका परक्या विद्यापीठाने ओळखले. आपण ते केव्हा ओळखणार?

तिसरा विषय इतिहास. औरंगाबादचे, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरचे, हिमरू आपण ऐकून असाल. उभा धागा सुताचा आणि आडवा रेशमाचा, त्यामुळे किमखाबाचा थाट कमी खर्चात मिळे. त्याचेच भावंड म्हणजे मशरू. पुरुषांनी निव्वळ रेशीम अंगाला लावू नये, असा आपल्याकडे धार्मिक दंडक आहे. विणकरांनी यातून मार्ग काढला. कापडाची वरची बाजू रेशमाची दिसेल, पण अंगाला लागेल ते सूत, अशी वीण त्यांनी बसवली. ‘मशरू’ या अरबी शब्दाचा अर्थच ‘परवानगी असलेले’ असा आहे. हौस आणि नियम या दोहोंचा मान राखणारी ही केवढी बुद्धी!

आणि आता मी तुम्हाला एक शब्द सांगणार आहे. तो ऐकून तुम्हाला आनंद वाटेल. काश्मीरची कानी शाल ही छोट्या लाकडी काड्यांवर रंगीत लोकर गुंडाळून विणतात. नक्षी इतकी बारीक असते की ती कोणाच्या ध्यानात राहणे शक्य नाही. म्हणून किती उभे धागे कोणत्या रंगाने भरायचे, हे खुणांच्या लिपीत कागदावर लिहिलेले असते आणि विणकर ते वाचत वाचत विणतो. त्या कागदाला काय म्हणतात ठाऊक आहे? ‘तालीम’! जो शब्द आपण शिक्षणासाठी वापरतो, तोच. विणकराची तालीम आणि मदरशाची तालीम यांचे नाव एकच आहे.

याच शालींनी युरोपला वेड लावले. फ्रान्सच्या सम्राज्ञी जोसेफिनला काश्मिरी शालींचा मोठा शौक होता. मागणी वाढली तेव्हा स्कॉटलंडमधील पेझली गावच्या गिरण्यांनी नक्कल करून शाली विणल्या. त्यामुळे आपल्या घराघरातील कोयरीला जग आज ‘पेझली’ म्हणते. माल आपला, नक्षी आपली, नाव मात्र त्यांचे! आणखी एक धागा पाहा. फ्रान्समधील जोसेफ मारी जकार्ड याने १८०४ च्या सुमारास भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांवर चालणारा माग तयार केला. ती भोकांची पत्रे पाहून इंग्रज गणिती चार्ल्स बॅबेज याने आपल्या नियोजित गणनयंत्रासाठी तीच युक्ती घेतली. आज तुम्ही ज्या संगणकाच्या मागे वेडे आहात, त्याच्या पूर्वजांत एक विणकराचा मागही आहे, हे विसरू नका.

गणितही याच कापडात आहे. समजा, तुमची ओढणी दोन मीटर लांब, म्हणजे सुमारे ७९ इंच आहे आणि इंचाला ५० आडवे धागे आहेत. म्हणजे धोटा ३९५० वेळा या टोकाकडून त्या टोकाकडे धावला. माग मिनिटाला १२० फेऱ्या करतो असे धरले, तर न थांबता साधारण ३३ मिनिटे लागली. आणि धागा एकदाही तुटला नाही, असे कधी होत नसते. हे गणित करून पाहिल्यावर ओढणी कोठेही भिरकावून देताना तुमचा हात थोडा थांबेल.

हा धोटा कोठे धावतो? दूर जायला नको. आपल्याच जिल्ह्यात येवले आहे आणि मालेगाव आहे. येवल्याची पैठणी सर्वांना माहीत आहे. २०१० साली पैठणीला भौगोलिक मानांकन मिळाले. अस्सल हातमागाच्या पैठणीचा पदर उलटा करून पाहा. मोर असो वा मुनिया, नक्षी दोन्ही बाजूंनी सारखीच स्वच्छ दिसते. मागे धाग्यांचे जंजाळ लोंबत नाही. आता तेथे पैठणीच्या काठपदराच्या ओढण्या आणि स्टोलही विणले जातात. साडी घेण्याची ऐपत नसलेल्या मुलीलाही त्या कलेचा एक तुकडा मिळू शकतो.

मालेगावचे मात्र तसे कौतुक होत नाही, आणि आज मला मुख्यतः तेच सांगायचे आहे. १८५७ च्या उठावानंतरच्या काळात वाराणसी, आझमगढ, अलाहाबाद अशा भागांतून विणकर कुटुंबे घरदार सोडून दक्षिणेकडे आली आणि मोसम नदीच्या काठी मालेगावात स्थिरावली. बरोबर काय आणले? हातातला हुनर. त्यांनी हातमागावर रंगीत साड्या विणल्या. १९३० नंतरच्या दशकात यंत्रमाग आले आणि गावाचा चेहराच बदलला. आज रात्री-बेरात्रीही त्या गावात मागांचा खडखडाट चालू असतो. घराघरांतून स्त्रिया कांड्या भरतात. तेथे विणलेले पुष्कळसे कापड कोरेच बाहेर जाते, दुसऱ्या शहरात रंगते, छापले जाते आणि दुकानात येते. तेव्हा त्यावर मालेगावचे नाव कोठेही नसते. मेन रोडवर तुम्ही हौसेने घेतलेला छापील स्कार्फ शंभर-एक किलोमीटरवरच्या, कदाचित तुमच्याच मामाच्या किंवा चुलत्याच्या मागावर विणलेला असू शकेल. तुम्हाला ते ठाऊक नाही. आणि वाईट याचे वाटते की त्यालाही ते ठाऊक नाही.

माझ्या वर्गात एक विद्यार्थिनी होती. तिलाही असाच शौक होता. वडिलांनी तक्रार केली तेव्हा मी म्हटले, ‘भाईजान, एक दिवस तिला सगळ्या ओढण्या शाळेत आणू द्या, आणि आपणही या.’ ती आली. तिने बाकावर ओढण्या मांडल्या आणि रंग, किंमत, दुकान एवढे सांगितले. पुढे तिला सांगता येईना. वडील मागे उभे होते. ते मालेगावी पंधरा वर्षे मागावर काम करून नाशिकला आलेले. ते संकोचत पुढे आले, एक ओढणी बोटांत धरली, उजेडाकडे करून पाहिली आणि म्हणाले, ‘हे यंत्रमागाचे. इथे धागा तुटला होता, तो जोडला आहे. ही दुसरी हातमागाची. काठ पाहा, जरा वाकडा आहे.’ अर्धा तास ते बोलत होते आणि वर्ग चिडीचूप होता. त्याच मुलीने प्रवेशाच्या अर्जावर वडिलांच्या व्यवसायापुढे नुसते ‘मजूर’ असे लिहिलेले मी पाहिले होते. पुढील वर्षी तिने स्वतः होऊन ‘विणकर’ असे लिहिले.

मित्रांनो, एका शब्दाचा हा फरक लहान समजू नका. ‘जुलाहा’ हा शब्द आपल्याकडे शिवीसारखा वापरला गेला आहे. संत कबीर विणकराच्या घरी वाढले, असे आपण मोठ्या भक्तीने सांगतो. पण शेजारच्या विणकराच्या मुलाला हिणवायला मागेपुढे पाहत नाही. आपली मुले शिकावीत, मोठ्या पदांवर जावीत, यासाठीच ही संस्था आहे. परंतु शिकणे म्हणजे बापाच्या हाताची लाज वाटणे नव्हे. आमच्या मुलांपैकी कोणी वस्त्र-अभियंता व्हावा, कोणी रंगांचा रसायनतज्ज्ञ, कोणी नक्षीकार; आणि त्यांनी मालेगावच्या कोऱ्या कापडावर मालेगावचेच नाव छापून ते बाजारात आणावे. अशा मोठ्या कामाची सुरुवात एखाद्या मुलीच्या ओढण्यांच्या खणातून का होऊ नये?

आता थोड्या व्यवहाराच्या गोष्टी सांगतो.

ज्यांना हा छंद आहे त्यांनी एक वही करावी. प्रत्येक वस्त्राला एक पान. नाव, धागा, वीण, रंग, गाव, कोणाकडून मिळाले, किंमत आणि कोणत्या प्रसंगी वापरले, एवढे लिहावे. शक्य तेथे विणणाऱ्याचे किंवा छापणाऱ्याचे नाव विचारावे. दुकानदाराला विचारायला लाजू नये.

विकत घेण्याआधी आजीची पेटी उघडावी. तेथे जे सापडेल ते बाजारात मिळणार नाही. आजी बसली आहे तोवर त्या कापडाची हकीकत लिहून घ्यावी. मैत्रिणींशी अदलाबदल करावी. वर्षाला किती खर्च करायचा ते आई-वडिलांशी बोलून आधीच ठरवावे आणि तो आकडा ओलांडू नये. जे वर्षभर वापरले नाही, ते गरजवंताला द्यावे. संग्रह वापरातला असावा; कुलपात कुजणारा नसावा.

धागा कोणता हे ओळखायचे असेल, तर काठाचे एक-दोन तंतू घेऊन विज्ञानाच्या शिक्षकांसमोर, चिमट्यात धरून जाळून पाहावेत. सूत कागदासारखे जळते आणि त्याची मऊ राख होते. रेशीम व लोकर यांना केस जळल्याचा वास येतो. पॉलिएस्टर वितळून त्याचा कडक मणी बनतो. घरी एकट्याने हा प्रयोग मुळीच करू नये. रेशमी व लोकरी वस्त्रे कोरडी करून सुती कापडात गुंडाळावीत, कडुनिंबाचा वाळला पाला घालावा आणि दर काही महिन्यांनी घडी बदलावी, नाहीतर घडीवरच कापड विरते.

आणि एक इशारा. इसाडोरा डंकन नावाच्या विख्यात नर्तिकेचा १९२७ साली फ्रान्समधील नीस येथे अंत झाला, तो गळ्यातील लांब स्कार्फ मोटारीच्या चाकात अडकून. दुचाकीवर बसताना ओढणीची टोके खोचून घ्या, आणि स्कार्फ बांधला म्हणून हेल्मेट टाळू नका. जे कारखान्यात जातात त्यांनीही फिरत्या यंत्राजवळ गळ्यात रुमाल ठेवू नये.

पालकांना शेवटची विनंती आहे. मुलगी ओढण्या जमवते आणि मुलगा क्रिकेटपटूंची चित्रे जमवतो, तर मुलाचा तो छंद आणि मुलीचे ते नखरे, असा भेद करू नका. तिच्याजवळ बसा आणि विचारा, ‘बेटी, ही कोठली?’ तिला सांगता आले नाही, तर दोघे मिळून शोधा. तुमच्यापैकी ज्यांनी माग चालवला आहे, कपडे शिवले आहेत, कापड रंगवले आहे, त्यांनी आपले ज्ञान मुलांपासून लपवू नये. तुमच्या बोटांत जी विद्या आहे ती आमच्या पाठ्यपुस्तकात नाही. वर्षातून एकदा शाळेत या आणि आमच्या मुलांना ती शिकवा. आम्ही शिक्षकही मागच्या बाकावर बसून ऐकू.

उद्या ओढणी गळ्यात घ्याल तेव्हा तिचे टोक क्षणभर बोटांत धरून पाहा आणि उभा-आडवा धागा मोजा.